नेच्याचा शेंडा खुडला, फुटवे आलेच नाहीत: नेच्याला फांदी फुटते तरी कुठून?

अंगणवेल, इंदूर | २४ जुलै, रात्री ९:२०

मंडळी, हातून एक चूक झाली आहे. ती नीट समजून घ्यायची आहे, म्हणून हा धागा काढते.

तुकोगंजातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत तीन नेचे आहेत. एक बॉस्टन फर्न, टांगलेल्या गमल्यात. दुसरा ‘रॅबिट्स फूट’ म्हणून घेतलेला. त्याची तपकिरी लवेची मुळं (मी इतके दिवस मुळंच म्हणत आले) गमल्याच्या काठावरून सशाच्या पंजासारखी बाहेर लोंबतात. तिसरा बर्ड्स नेस्ट, लांब अखंड पानांचा, मधोमध घरट्यासारखा खळगा असलेला. हा नऊ वर्षांचा. धाकटीच्या बारावीच्या वर्षी आणला होता, ती आता नोकरीला लागली. ओल्या गोणपाटाच्या आडोशाने त्याने इथली मे महिन्यातली लू नऊ वेळा काढली.

जूनच्या मध्यावर पहिला पाऊस पडला, तशी मी दरवर्षीप्रमाणे तुळस, शेवंती, जास्वंद यांचे शेंडे खुडले. सासूबाईंची शिकवण: शेंडा खुडला की आठ-दहा दिवसांत पानापानाच्या बेचक्यातून धुमारे येतात, झाड डेरेदार होतं. त्याच हाताने बर्ड्स नेस्टच्या मधला लवेचा कोंब चिमटीने काढला. मनात होतं, आता चार बाजूंनी चार घरटी होतील.

आज पाच आठवडे झाले. जुनी पानं हिरवीगार आहेत, नवीन एकही नाही. मधे काळपट खपली धरली आहे. नर्सरीत विचारलं, तर ‘खत घाला’ म्हणाले. घातलं. काही फरक नाही.

दोन प्रश्न आहेत. बेचक्यातून फुटवा का आला नाही? आणि उरलेल्या दोघांना हात लावावा की नाही?

गमलेवाला, इंदूर | २४ जुलै, रात्री १०:०५

ताई, खत आधी बंद करा. झाड वाढत नाही तेव्हा खत मातीत साठतं आणि मुळं जळतात. बर्ड्स नेस्टला डोकं एकच असतं. ते गेलं की जुन्या पानांवर वर्ष-दीड वर्ष निघतं. कधीकधी बुडाशी पिल्लू निघतं, पण भरवसा नाही. मधल्या खळग्यात पाणी साठू देऊ नका, सडेल.

जुना_बॉटनी_मास्तर, इंदूर | २५ जुलै, सकाळी ७:१०

अंगणवेलताई, सासूबाईंचा नियम तुळशीपुरता अगदी बरोबर आहे. नेच्याला तो लागू पडत नाही. कॉलेजात ३१ वर्षं बॉटनी शिकवली आणि हे एक प्रकरण मी कधीच घाईत उरकलं नाही, म्हणून इथेही जरा सविस्तर लिहितो.

तुळशीचं पान खोडाला जिथे चिकटतं, त्या बेचक्यात एक कळी निजलेली असते. पान तिथे कळी, असा हिशेब. शेंड्यात ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होऊन खाली येत राहतं, आणि ते येत असेतोवर खालच्या कळ्या उठत नाहीत. केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी १९३३ मध्ये बाकल्याच्या रोपांवर हे दाखवून दिलं. शेंडा कापला की कळ्या जाग्या होतात. पण कापल्या जागी ऑक्सिन लावलं, तर शेंडा नसूनही त्या निजूनच राहतात. म्हणजे तुम्ही शेंडा खुडता तेव्हा नवीन काही घडवत नसता, आधीपासून तयार असलेल्या कळ्यांवरचा दाब काढता.

नेच्याच्या पानाच्या बेचक्यात अशी कळी सहसा नसतेच. काही कुळं अपवाद आहेत, पण आपल्या पडवीतले हे तिघं त्यांत नाहीत. दाब काढला तरी उठायला कोणी नाही.

आता शेंड्याकडे येऊ. फुलझाडाच्या शेंड्यात बऱ्याच पेशी मिळून वाढीचं काम करतात, थरावर थर. नेच्याच्या शेंड्यात मात्र अगदी टोकाशी एक मोठी पेशी ठळक दिसते. तिला अग्रपेशी म्हणू. आकार कसा, तर आपला सामोसा डोळ्यांपुढे आणा: तीन सपाट बाजू आत दबलेल्या आणि चौथी फुगीर बाजू बाहेर, आकाशाकडे. ही पेशी पाळीपाळीने आतल्या तीन बाजूंना समांतर एकेक चकती कापून देते. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, पुन्हा पहिल्या. स्वतः मात्र टोकालाच राहते. त्या चकत्या पुढे विभागत जातात आणि त्यांतून खोडाचा सगळा पसारा उभा राहतो. कार्ल नेगेली यांनी १८४०च्या दशकात अशा अग्रपेशींची वर्णनं केली. पुढे १९७०च्या आसपास काही जणांनी शंका काढली, की ही पेशी मोठी दिसते खरी, पण बहुधा निवांत बसलेली असते. अर्नेस्ट गिफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विभाजनं मोजून ती कामकरीच आहे हे दाखवलं.

कॉलेजात आम्ही मूलक्षोडाच्या, म्हणजे नेच्याच्या जमिनीलगतच्या खोडाच्या, शेंड्याचे पातळ आडवे काप सॅफ्रॅनिनने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत असू. वीस-पंचवीस काप वाया जायचे. मग एखाद्यात, बरोबर मध्ये, तो लालसर कडांचा त्रिकोण दिसायचा आणि त्याच्याभोवती गोल फिरत गेलेल्या चकत्या. ज्याला दिसला तो पोर आजूबाजूच्या सगळ्यांना हाका मारायचा.

बर्ड्स नेस्टचं खोड म्हणजे पानांच्या बुडांत दडलेला आखूड, उभा बुंधा. त्याच्या माथ्यावर एक शेंडा. तो तुमच्या चिमटीत आला. वाईट वाटलं वाचून, नऊ वर्षांचं झाड आहे.

छत्रीबागकर, इंदूर | २५ जुलै, दुपारी १:३०

मास्तर, एक अडाणी प्रश्न. मी आजवर समजत होतो की नेच्याची ती जिलेबीसारखी गुंडाळलेली टोकं म्हणजेच त्याचे शेंडे. खोडाचा शेंडा वेगळा आहे का?

जुना_बॉटनी_मास्तर, इंदूर | २५ जुलै, दुपारी ३:४५

अडाणी कसला, हाच खरा प्रश्न आहे.

जिलेबी म्हणजे पानाचं टोक. अख्खा झुबका, देठापासून शेवटच्या बारीक पर्णिकेपर्यंत, हे एक पान. खोड बहुतेक वेळा जमिनीत किंवा जमिनीलगत असतं, त्याला आपण मूलक्षोड म्हणतो. अंगणवेलताईंच्या ‘सशाचा पाय’मधली लवदार ‘मुळं’ म्हणजे मूलक्षोडच; खरी मुळं त्याच्या पोटाकडून निघतात, काळसर दोऱ्यासारखी.

गंमत पानाच्या टोकातही आहे. पान सुरू होतं खोडाच्या शेंड्याच्या उतारावर, एका उंचवट्यापासून. थोड्याच दिवसांत त्या उंचवट्याला स्वतःची अग्रपेशी मिळते, पण ही दोन बाजूंची, भिंगाच्या काचेसारखी. ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे चकती देते. खोडाची पेशी तीन बाजूंनी फिरते म्हणून खोड गोल, पानाची दोन बाजूंनी चालते म्हणून पान चपटं, असं मी मुलांना लक्षात राहायला सांगत असे. कारण इतकं सरळ नाही, पण चित्र डोक्यात बसतं.

आणि पान वाढतं टोकाकडून. आंब्याचं पान कोवळं असताना बघा, टोक आधी पक्कं होतं आणि बुडाकडचा भाग नंतर वाढत राहतो. नेच्याचं उलट: बूड आधी पिकतं, टोक शेवटपर्यंत कोवळं. म्हणूनच ते गुंडाळलेलं असतं, कोवळं टोक जिलेबीच्या पोटात सुरक्षित राहतं.

माहेरवाशीण, वडोदरा | २५ जुलै, रात्री ८:५०

मास्तरांचं वाचून एकदम उलगडा झाला. माझं माहेर इंदूरचं, रामबागेतलं, आता बडोद्यात. आमच्या बॉस्टन फर्नच्या चार जिलेब्या गेल्या वर्षी मांजराने चावून टाकल्या. मला वाटलं होतं, उरलेला देठ पुन्हा वाढेल. वर्ष होत आलं, ती चारही पानं तेवढीच आहेत, वीतभर, वरून बोडकी. खाली उघडलेल्या पर्णिका मात्र छान हिरव्या आहेत. म्हणजे टोक गेलं तिथेच पानाचं आयुष्य थांबलं.

अंगणवेल, बॉस्टनला अजिबात कापू नकोस. त्याची सोय त्यानेच केलेली असते. गमल्याच्या कडेने हिरवे-तपकिरी दोरे लोंबतात ना, बिनपानांचे? ते काढून टाकायचे नाहीत. मी दर पावसाळ्यात शेजारी मातीची कुंडी ठेवते आणि दोऱ्याचं टोक त्या मातीवर केसांच्या चापाने दाबून ठेवते. महिना-सव्वा महिन्यात तिथे रोप धरतं. मुळं पक्की झाली की दोरा कापायचा. गेल्या वर्षी सहा रोपं वाटली.

अंगणवेल, इंदूर | २६ जुलै, सकाळी ६:५५

ताई, तेच दोरे मी दर दिवाळीला साफसफाईत कात्रीने कापत आले! आता एकही नाही कापणार.

मास्तर, काल रात्री मुलाची शाळेतली भिंग शोधून काढली. सशाच्या पायाचं एक टोक बाहेर लोंबत होतं, ते न तोडता टेबलावर टेकवलं आणि टाचणीने लव बाजूला केली. ती लव म्हणजे केस नाहीत, बारीक बारीक खवले आहेत, एकावर एक रचलेले, बुडाशी गडद आणि टोकाला फिकट. टोकाकडचे इतके दाट की पाच मिनिटं नुसते तेच सारत होते. आत तांदळाच्या कणीएवढं, ओलसर, दुधी-हिरवं टोक. त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढ्या अंतरात वरच्या अंगाला दोन फुगवटे. मागचा फुगवटा आतल्या बाजूला वळलेला दिसला, म्हणजे तीच पानाची सुरुवात असणार. आणि आणखी मागे, पिकल्या पानाच्या देठाच्या शेजारी, बगलेत नव्हे, अगदी बाजूला, खवल्यांनी झाकलेला एक छोटा गोळा. हा काय आहे?

अग्रपेशी अर्थात नाही दिसली.

जुना_बॉटनी_मास्तर, इंदूर | २६ जुलै, सकाळी ९:३०

शाबास! इतकं चांगलं निरीक्षण एम.एस्सी.च्या मुलांकडून क्वचित यायचं. हाताच्या भिंगाला अग्रपेशी दिसणार नाही, पण बाकी सगळं तुम्ही पाहिलंत.

देठाच्या शेजारचा तो गोळा म्हणजे बाजूची फांदी, निजलेली. डॅव्हॅलियात, म्हणजे तुमच्या सशाच्या पायात, शेंडा पुढे सरकताना वाढीची क्षमता असलेला एक लहानसा तुकडा मागे ठेवून जातो, पानाच्या जवळ. तो पानाचा नाही, पानाच्या बेचक्यातलाही नाही, थेट शेंड्यातून सुटलेला आहे. पुढे शेंडा लांब गेला किंवा तुटला, की त्यातून फांदी येते.

नेच्यात फांदी येण्याच्या वाटा अशा अनेक आहेत. काहींत शेंडाच दुभंगतो: जुनी अग्रपेशी काम थांबवते आणि तिच्या दोन बगलांना दोन नव्या अग्रपेशी तयार होतात, मग दोन सारख्या फांद्या वेगवेगळ्या दिशांना निघतात. ब्रॅकन म्हणून जो डोंगराळ भागातला नेचा आहे, त्याचं जमिनीखालचं खोड असं दुभंगत मैदानंच्या मैदानं व्यापतं. काहींत पानाच्या देठाच्या बुडावरच कळी येते. बॉस्टनमध्ये ते दोरे. आणि काहींत, तुमच्या बर्ड्स नेस्टसारख्या, फांदीची सवयच फारशी नाही.

इंग्लंडात मँचेस्टरला क्लॉड वॉर्डलॉ नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १९४०च्या दशकात त्यांनी नेच्यांच्या शेंड्यांवर सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः शस्त्रक्रिया केल्या, सुईएवढ्या पात्यांनी. त्यांना आढळलं की काही नेच्यांत पानांच्या मधल्या जागांत असे मागे राहिलेले तुकडे असतात, आयुष्यभर उठत नाहीत; शेंडा निकामी केला की मात्र त्यांतून कोंब येतात. म्हणजे शेंड्याचा वचक नेच्यातही आहे, फक्त त्याच्या वचकाखाली कोण बसलं आहे आणि कुठे, हे जातीजातीत वेगळं.

हिरवी_ओसरी, देवास | २६ जुलै, दुपारी १२:१५

बर्ड्स नेस्टच्या जखमेवर मुळं फुटायची पावडर लावून बघा. मी गुलाबाच्या कलमांना लावते, फार छान परिणाम येतो. कोंबही येतील.

जुना_बॉटनी_मास्तर, इंदूर | २६ जुलै, दुपारी १२:४०

कृपया लावू नका. त्या पावडरीत ऑक्सिनच असतं. गुलाबाच्या कलमाला खालच्या टोकाला मुळं हवी असतात, तिथे ते उपयोगी. इथे शेंड्याच्या जागी ऑक्सिन लावणं म्हणजे थिमन आणि स्कूगचाच प्रयोग करणं: बुडाशी एखादी कळी उठण्याच्या बेतात असली, तरी तिला पुन्हा निजवणं.

हिरवी_ओसरी, देवास | २६ जुलै, दुपारी १२:५५

बरं झालं सांगितलंत. हा विचारच केला नव्हता.

छत्रीबागकर, इंदूर | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

मंडळी, आज आमचा ग्रुप पातालपानीला गेला होता. धबधब्याच्या वाटेवर ओल्या कातळावर हंसराज दाट लागलाय, काळ्याभोर तारेसारखे देठ आणि अर्धगोल पर्णिका. धागा वाचलेला असल्यामुळे या वेळी वाकून बघितलं. काही पानं कमान करून खाली आली होती, त्यांचं टोक पर्णिका सोडून नुसतं सुतासारखं लांबलेलं. आणि जिथे ते टोक कातळाला टेकलं तिथे एक छोटं नवीन रोप! बारीक मुळं, दोन इवल्या जिलेब्या. एका ठिकाणी तर त्या रोपाच्या पानानेही पुढे टोक टेकलेलं होतं. आजी, आई आणि नात एका रांगेत.

पण मास्तर, तुम्ही म्हणालात पान वेगळं, खोड वेगळं. मग पानाच्या टोकाला खोड कसं आलं?

जुना_बॉटनी_मास्तर, इंदूर | ४ ऑगस्ट, सकाळी ७:००

तुमच्या प्रश्नाने रात्री झोप उशिरा लागली. मनापासून सांगतो, या विषयात मला सर्वांत प्रिय भाग हाच आहे.

वॉर्डलॉंनी आणखी एक प्रयोग केला होता. खोडाच्या शेंड्याच्या उतारावर पान होऊ घातलेला अगदी कोवळा उंचवटा असतो. त्याच्या आणि शेंड्याच्या मध्ये त्यांनी खोल उभी चीर दिली. दोघांचा संबंध तुटला. आणि जो उंचवटा पान व्हायचा होता, तो खोड झाला, चहूबाजूंनी पानं देणारा अख्खा कोंब.

नंतर टेलर स्टीव्ह्‌ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्मुंडा जातीच्या नेच्याचे उंचवटे काढून पोषकद्रव्यावर वाढवले. अगदी कोवळे होते ते बहुतेक खोड झाले. जरा वयस्क होते ते पानच झाले, एकटे बशीत वाढूनही. म्हणजे नेच्याचं पान जन्मतःच पान नसतं. काही काळ ते दोन वाटांच्या तोंडाशी उभं असतं, आणि शेंड्याच्या शेजारात राहून हळूहळू पान होण्याचं ठरवतं.

जनुकांच्या पातळीवरही तेच दिसतं. नॉक्स नावाच्या जनुकांमुळे शेंडा वाढता राहतो. साध्या पानांच्या फुलझाडांत पानाची सुरुवात होताच त्या जागी ही जनुकं बंद होतात. नेच्यात ती कोवळ्या पानातही चालू असतात. सेरॅटोप्टेरिस या पाणनेच्यावर आज प्रयोगशाळांत बरंच काम चालतं. त्याचा जनुकसंच २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नेच्यांचे जनुकसंच प्रचंड मोठे असतात, त्यामुळे तोवर असं काम फार थोडं झालं होतं.

तुमच्या हंसराजाचं पान तर शेवटपर्यंत टोकाने वाढतं. त्या टोकाला खोड होण्याची वाट पूर्ण बंद झालेली नसते. मातीचा, ओलाव्याचा स्पर्श झाला की तिथे कळी धरते.

माहेरवाशीण, वडोदरा | ४ ऑगस्ट, सकाळी १०:२०

मांडूच्या तटांवर जी मयूरशिखा उगवते ना, पंख्यासारखी, ताडाच्या पानाची लहान प्रतिकृती? लहानपणी आम्ही तिथे सहलीला गेलो की आई तिची वाळकी गुंडाळलेली जुडी घरी आणून पाण्यात ठेवायची आणि रात्रीत ती उघडायची. त्या पंख्याला सारखे दोन-दोन फाटे फुटत जातात. ते पान की फांद्या?

जुना_बॉटनी_मास्तर, इंदूर | ४ ऑगस्ट, दुपारी ४:१०

पान. प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन, त्यांना पुन्हा दोन. खोड मात्र तटाच्या भेगेत दडलेलं, बोटभरसुद्धा नाही.

पण तुमच्या प्रश्नामागे एक जुना आणि मोठा प्रश्न आहे. वॉल्टर झिमरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १९३०मध्ये मांडलं, की अशी पानं मुळात फांद्याच होत्या. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाच्या दगडात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या ऱ्हायनिया वनस्पतीचे अवशेष आहेत. तिला पान नाही, मूळ नाही. नुसत्या हिरव्या काड्या, दुभंगत जाणाऱ्या. अशा काड्यांचा एक झुबका चपटा झाला, मधली जागा भरली, आणि पान झालं, असा तो विचार. सगळ्या बारकाव्यांवर एकमत नाही. पण मयूरशिखेचा पंखा हातात घेतला की मला तो विचार पटतो. पचमढीला सायलोटम सापडतं, तेही बघा कधी: जवळजवळ पानच नाहीत, नुसत्या दुभंगणाऱ्या हिरव्या काड्या. नेच्यांचंच नातलग आहे.

गमलेवाला, इंदूर | ४ ऑगस्ट, रात्री ९:००

मास्तर, आमच्या गावाकडे गुरांसाठी टाक्यात अझोला करतात. तोही नेचाच ना? त्याचं तर काही कापावं लागत नाही, आठवड्यात टाकं भरतं.

जुना_बॉटनी_मास्तर, इंदूर | ४ ऑगस्ट, रात्री ९:२५

हो, तोही नेचाच. त्याच्या बाजूच्या फांद्या स्वतःच सुटून वेगळी रोपं होतात. त्याच्या मुळाची एक गोष्ट सांगतो. ब्रायन गनिंग यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की अझोलाच्या मुळातली अग्रपेशी साधारण ५५ वेळा विभागते आणि थांबते. तेवढंच त्या मुळाचं आयुष्य. प्रत्येक नव्या भिंतीत शेजारच्या पेशींशी जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा कमी कमी होत जातात, आणि शेवटी ती पेशी एकटी पडते.

अंगणवेल, इंदूर | ५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मुळाचं वाचून बराच वेळ गप्प बसले होते.

आता ठरवलंय ते सांगते, चुकत असेल तर सांगा. बॉस्टनचे दोरे चापाने लावणार. सशाच्या पायाचे दोन तुकडे घेणार, प्रत्येकात एक जिवंत टोक आणि दोन पानं राहतील असे. बर्ड्स नेस्टला फक्त सावली आणि कडेने पाणी.

गमलेवाला, इंदूर | ५ ऑगस्ट, सकाळी ८:१०

सशाचा पाय मातीत पुरू नका. वरच ठेवा, कोकोपीटवर, तारेच्या आकड्याने टेकवून. पुरला की सडतो, मी पहिल्या वर्षी अकरा तुकडे असे घालवले. आणि बर्ड्स नेस्टच्या जुन्या पानांच्या पाठीवर तपकिरी रेघा आहेत का बघा, मधल्या शिरेपासून तिरक्या निघालेल्या.

अंगणवेल, इंदूर | ५ ऑगस्ट, सकाळी ८:२५

आहेत! दोन पानांवर दाट आहेत. मी ती कीड समजून पुसायला निघाले होते.

जुना_बॉटनी_मास्तर, इंदूर | ५ ऑगस्ट, सकाळी ९:००

पुसू नका. ते बीजाणू. पानाचा तेवढा तुकडा पांढऱ्या कागदात गुंडाळून दोन दिवस ठेवा, कागदावर कॉफीच्या भुकटीसारखी पूड पडेल. मिठाईच्या पारदर्शक डब्यात कोकोपीट घाला, उकळतं पाणी ओतून निवू द्या, म्हणजे बुरशी आणि शेवाळ मरतं. वर पूड भुरभुरवा, झाकण लावा, उजेडात पण उन्हात नको. मग झाकण उघडायचं नाही. महिनाभर मोह आवरा.

अंगणवेल, इंदूर | २१ सप्टेंबर, सायंकाळी ६:४०

हकीकत कळवते. बॉस्टनच्या पाच चापांपैकी चार धरले. सशाच्या पायाचे दोन्ही तुकडे जगले. आणि ज्या मूळ खोडावरून ते कापले होते, तिथे कापल्या जागेच्या जरा मागे, देठाशेजारच्या त्या गोळ्यातून नवीन टोक निघालं आहे. अगदी फिकट, खवले अजून पांढरट. जुलैत भिंगातून पाहिलेला तोच गोळा आहे. शेजारच्या देठाला तेव्हाच लाल दोरा बांधून ठेवला होता.

बर्ड्स नेस्ट आहे तसाच. दोन खालची पानं पिवळी पडली. बुडाशी रोज बघते.

डब्यात हिरवा पापुद्रा आला आहे.

माहेरवाशीण, वडोदरा | २१ सप्टेंबर, रात्री ९:१५

लाल दोरा! किती छान केलंस.

अंगणवेल, इंदूर | ९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मास्तर, डब्यातल्या पापुद्र्यातून आता छोट्या छोट्या पाकळ्या सुट्या दिसतात. झाकणावरूनच भिंग धरलं. नखाच्या अर्ध्याएवढ्या, बदामाच्या आकाराच्या, वरच्या बाजूला मधोमध एक खाच. अकरा मोजल्या. हे नेचे आहेत का? पान तर एकही गुंडाळलेलं नाही.

जुना_बॉटनी_मास्तर, इंदूर | ९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

ताई, अभिनंदन. हे प्रोथॅलस, नेच्याच्या आयुष्याची दुसरी पिढी. स्वतंत्र, स्वतःचं अन्न करणारी. विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये या दोन पिढ्यांचं आलटून-पालटून येणं सिद्ध केलं. त्यांचा घरचा पुस्तकविक्रीचा धंदा होता, वनस्पतिशास्त्र ते स्वतःच शिकले.

ती खाच नीट बघा. वाढ तिथूनच होते, याही पिढीचा शेंडा तिथेच, दोन पंखांच्या मधे दडलेला. खालच्या अंगाला, खाचेजवळ स्त्रीबीजाचे छोटे सुरयांसारखे अवयव असतात, आणि पुरुषबीजांना तिथवर पोहून जावं लागतं. त्यांना पाण्याचा पातळ थर हवा. उकळून गार केलेलं पाणी घ्या आणि आज संध्याकाळनंतर अगदी बारीक तुषार मारा. दर तीन-चार दिवसांनी पुन्हा. पहिली जिलेबी खाचेच्या खालून वर येईल, बोटाच्या नखाने झाकली जाईल एवढी.

अंगणवेल, इंदूर | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

पाणी उकळून निवत ठेवलं होतं. आत्ताच शिंपडलं, अत्तराच्या जुन्या बाटलीने, तीनदा स्वच्छ धुऊन. अकराच्या अकरांवर थेंब बसलेत. झाकण परत लावलं.